पहिल्या बाकावरचे चीफ

कोरियन भाषेच्या पहिल्याच तासाला मॅडमनी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला, "कोरियन का शिकायचंय?" वर्गात आम्ही एकोणीस मुली, दोन मुलगे. मॅडमनी मागच्या बाकापासून सुरुवात केली. उत्तरं ठरल्यासारखीच होती. कोरियन मालिका, कोरियन गाणी, ती गाणी म्हणणारी देखणी मुलं. एकीने तर प्रामाणिकपणे चेहऱ्याला लावायच्या क्रीमचं कारण सांगितलं. मी मालिका म्हणाले. सगळ्यांत शेवटी पहिल्या बाकावरचा माणूस उठून उभा राहिला. वय पन्नाशीच्या पुढचं, करडे केस अगदी बारीक कापलेले, नखांच्या कडेला न निघालेलं ग्रीस, पायात कारखान्यात घालतात तसे जाडजूड बूट.

"मला एक फोन करायचाय," तो म्हणाला.

मॅडम स्वतः कोरियन. त्यांना वाटलं, चेहरा तर आपल्याकडचाच आहे, हा गंमत करतोय. त्यांनी भराभर कोरियनमध्ये काहीतरी विचारलं. त्याने ते नीट ऐकून घेतलं आणि इंग्रजीत सांगितलं, "मॅडम, मी झिरोवर आहे. या मुलींना माझ्यापेक्षा जास्त येतं."

ते खरंच होतं. मालिका बघून बघून आम्हाला रडायला, भांडायला, माफी मागायला पुरेल इतकं कोरियन येत होतं. या माणसाला 'नमस्कार'सुद्धा धड म्हणता येत नव्हता.

आम्ही त्यांना चीफ म्हणायचो. मालवाहू जहाजांवर ते चीफ इंजिनियर होते, आणि जमिनीवर आल्यावरही त्यांना दुसऱ्या नावाने हाक मारलेली कळायची नाही. जन्म कोरियातला, वाढले डेन्मार्कमध्ये. चार वर्षांचे असताना एका डॅनिश सुताराने आणि त्याच्या बायकोने त्यांना दत्तक घेतलं होतं. चीफनी स्वतः लग्न केलं नव्हतं. जहाज सोडून ते शारजाच्या बंदराजवळ, जहाजं दुरुस्त करणाऱ्या एका यार्डात नोकरीला लागले होते. आमच्या कॉलेजात कोरियनचा वर्ग फक्त डिग्रीच्या विद्यार्थ्यांना घेता यायचा, म्हणून या गृहस्थांनी त्रेपन्नाव्या वर्षी डिग्रीलाच प्रवेश घेतला. सकाळी आमच्याबरोबर कॉलेज, दुपारनंतर यार्ड. एका भाषेपायी त्यांना मार्केटिंगची तत्त्वं, अरब जगाचा इतिहास आणि वक्तृत्वकला एवढं सगळं शिकावं लागलं. वक्तृत्वाच्या परीक्षेत त्यांनी जहाजाचा पंप कसा साफ करावा यावर सात मिनिटं भाषण केलं, आणि आमच्यातले चौघे आजही तो पंप साफ करू शकतील.

इथे मी त्यांना मराठी बोलायला लावतेय. खरं तर ते इंग्रजीत बोलायचे, तेही मोजून.

राहायला इंटरनॅशनल सिटी नावाच्या स्वस्त वस्तीत. एकाच खोलीचं घर. "इथे का राहता? तुम्हाला तर याहून चांगलं घर परवडेल," असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ड्रॅगन मार्ट चालत जाता येतं. तिथे कुठल्याही मापाचा स्क्रू मिळतो." त्या मार्टमधले चिनी दुकानदार त्यांना बघून चिनी बोलायला लागायचे. चीफ त्यांना डॅनिशमध्ये उत्तर द्यायचे. दोघंही हातवारे करत बोलायचे आणि स्क्रू बरोबर मिळायचा.

आमच्या कॉलेजचा वॉचमन पेशावरचा. तो त्यांना रोज विचारायचा, "चायना?"

"डेन्मार्क."

"नो नो, डेन्मार्क से पहले?"

"कोरिया."

"कोरिया में किधर?"

यावर चीफ म्हणायचे, "अभी सीखता हूँ." हिंदी ते जहाजावरच्या खलाशांकडून शिकले होते, त्यामुळे त्यांच्या हिंदीत शिव्या नसलेली वाक्यं फारच थोडी होती. हे त्यांतलं एक.

त्यांच्या बॅगेत वहीच्या आधी तेलाचा छोटा डबा असायचा. कुरकुरणारं दार त्यांना सहन होत नसे. पहिल्या सेमिस्टरमध्येच लायब्ररीचं दार, मुलांच्या टॉयलेटचं दार, डीनच्या केबिनचं दार, सगळी दारं गप्प झाली. ही कुणाची करामत, हे ऑफिसला शेवटपर्यंत कळलं नाही. डीनना मात्र त्रास झाला. कुणी आत आलं तरी त्यांना कळेना, ते दचकायला लागले.

माझी त्यांची ओळख झाली ती मी त्यांची नक्कल करत असताना. कोरियनमध्ये काही अक्षरं अशी आहेत की ती हलकी म्हटली तर एक अर्थ, दाबून म्हटली तर दुसरा. चीफना तो फरक ऐकूच यायचा नाही. कॅन्टीनमध्ये मी मैत्रिणींना त्यांच्या आवाजात एक धडा म्हणून दाखवत होते. सगळ्या एकदम गप्प झाल्या, म्हणून मी वळून पाहिलं. चीफ हातात चहाचा कप घेऊन मागे उभे. मला जमीन गिळेल तर बरं असं झालं.

"परत कर," ते म्हणाले.

"सॉरी चीफ, मी..."

"सॉरी नको. परत कर. तिसऱ्या शब्दात काय चुकतं ते मला आत्ता पहिल्यांदा ऐकू आलं."

मग त्यांनी खुर्ची ओढली, वही काढली आणि माझ्याकडून तो धडा आधी त्यांच्यासारखा चुकीचा आणि मग बरोबर असा आठ वेळा म्हणून घेतला. त्या दिवसापासून मी त्यांची शिकवणी घ्यायला लागले, किंवा त्यांनी मला कामाला लावलं.

त्यांची खरी अडचण उच्चार नव्हती. वाक्यरचना होती. डॅनिश आणि इंग्रजी डोक्यात पक्कं बसलेलं, त्यामुळे क्रियापद वाक्याच्या मध्येच येऊन आडवं पडायचं. कोरियनमध्ये ते शेवटी लागतं. दोन महिने मॅडमनी जीव तोडून शिकवलं. एकदा मी वैतागून म्हणाले, "चीफ, एवढं काय अवघड आहे? आमच्या मराठीतही असंच आहे."

"म्हणून दाखव."

"मी भात खाते."

"शब्दाशब्दाचा अर्थ?"

"मी. भात. खाते."

त्यांनी ते वहीत उभं लिहिलं. खाली कोरियन वाक्य लिहिलं. बराच वेळ दोन्हींकडे बघत राहिले. मग पेन्सिल टेबलावर आपटून म्हणाले, "नटबोल्ट तेच आहेत! कंपनी वेगळी, साइज एक! हे तू मला दोन महिने सांगितलं का नाहीस?"

कारण माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी इथेच, अल कुसैसमध्ये वाढलेली. घरात आई मराठीत बोलायची आणि मी इंग्रजीत उत्तर द्यायची, माझ्या सगळ्याच मैत्रिणी देतात तशी. मराठी ही माझ्या लेखी जेवायला बोलावण्याची भाषा होती.

दर शनिवारी सकाळी चीफ आमच्या घरी यायला लागले. आई मूळची साताऱ्याची. अनोळखी माणसाशी इंग्रजीत बोलायचं तिला टेन्शन येतं, म्हणून तिने पहिल्या दिवशीच ठरवून टाकलं की या माणसाशी मराठीतच बोलायचं. "बसा भावजी, चहा टाकते." चीफनी 'भावजी' वहीत उतरवून घेतलं आणि अर्थ विचारला. नवऱ्याचा भाऊ, मी सांगितलं. मग आईला काय म्हणायचं? वहिनी. त्यांच्या तोंडी ते 'वाहिनी' झालं. मराठीत त्याचा अर्थ पाइपलाइनसारखा होतो, हे मी सांगितल्यावर तर ते खूशच झाले. पुढे चार वर्षं माझी आई पाइपलाइन राहिली.

एकदा त्यांनी आईला कौतुकाने आपलं नवं वाक्य म्हणून दाखवलं, "बाप मोगोस्सोयो?"

आईच्या हातातलं लाटणं थांबलं. "काय गं, बापाला काय म्हणतायत हे?"

"आई, बाप म्हणजे भात. जेवलात का, विचारतायत."

"मग भात म्हणावं की," आई म्हणाली. पण नंतर मात्र तीच बाबांना ऑफिसातून आल्यावर विचारायची, "बाप खाणार की पोळी?"

नात्यांचे शब्द लावताना आईचा खरा उपयोग झाला. कोरियनमध्ये मावशी वेगळी, आत्या वेगळी, मामा वेगळा, काका वेगळा. चीफचं डोकं गरगरायचं, कारण आमची शिकवणी इंग्रजीत, आणि इंग्रजीत सगळं एकाच डब्यात. आईने पोळपाटावर पीठ पसरून बोटाने आमचं आख्खं घराणं काढून दाखवलं. तासाभरात चीफना सगळं पाठ झालं. मग त्यांनी त्या पिठात एका कोपऱ्यात दोन ठिपके काढले, एक वर, एक खाली. वरच्यावर बोट ठेवून म्हणाले, "नूना." मोठी बहीण. पुरुषाने मोठ्या बहिणीला हाक मारायचा शब्द.

"तुम्हाला बहीण आहे, भावजी?" आईने विचारलं.

तेव्हा त्यांनी पाकिटातून तो कागद काढला.

त्यांनी कोरियातल्या दत्तक संस्थेला आपल्या घरच्यांचा शोध घ्यायला सांगितलं होतं. उत्तर आलं होतं : आई-वडील हयात नाहीत. एक बहीण आहे, बारा वर्षांनी मोठी, दक्षिणेकडच्या एका बंदराच्या गावात राहते. बरोबर तिच्या हातची एक ओळ होती. संस्थेने तिचं इंग्रजी करून दिलं होतं, पण चीफना ती ओळ माझ्याकडून ऐकायची होती. मी डिक्शनरी उघडून अडखळत वाचली : 'फोनवर बोलेन. पण दुभाष्या नको. परक्या माणसासमोर मी बोलणार नाही.'

पहिल्या तासाला सांगितलेला फोन तो हा.

"म्हणजे त्या तुमची वाट बघतायत?" मी विचारलं. "किती दिवस?"

"मी कळवलंय, दीड वर्ष लागेल. काम मोठं आहे." एवढं बोलून त्यांनी चहा संपवला. मी त्यांना विचारलं, लहानपणचं काही आठवतं का? तर म्हणाले, "काही नाही. लोकांना वाटतं काहीतरी आठवायला हवं. एखादा वास, एखादं गाणं. मला काहीच आठवत नाही आणि मी खोटं आठवणार नाही."

डेन्मार्कच्या आईविषयी मात्र ते भरभरून बोलायचे. वडील वारले होते, आई नव्वदीला आलेली, वृद्धाश्रमात. दर रविवारी तिला फोन. तिला त्यांनी सगळं सांगितलं होतं आणि तिने बहिणीसाठी निरोप दिला होता : मुलगा चांगला निघाला, भांडी मात्र नीट घासत नाही. हे वाक्य कोरियनमध्ये करून द्यायला मला एक आठवडा लागला.

त्याच काळात ते मला एकदा म्हणाले, "तुमच्या घरात लीक आहे."

मी वर एसीकडे बघितलं.

"तिकडून मराठी येते, इकडून इंग्रजी जाते. वाहिनी भरून पाठवते आणि तू परत पाठवत नाहीस. मला मिळालं असतं ना असं रोज घरात, तर मी एक थेंब सांडला नसता."

ते रागावले नव्हते. एखादा व्हॉल्व्ह खराब आहे हे सांगावं तसं सांगितलं. मला मात्र रात्रभर टोचत राहिलं. दुसऱ्या दिवशी मी आईला मराठीत उत्तर दिलं. आईने कपाळाला हात लावून ताप आहे का बघितला.

वर्ष झाल्यावर मॅडमनी एक नवीनच घोर लावला. बहिणीच्या गावाचं नाव ऐकून त्या म्हणाल्या, "तिकडचे लोक पुस्तकातलं बोलत नाहीत. वयस्क बायकांचं तर मलाही कळत नाही सगळं." चीफ दोन दिवस कॉलेजला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले तेव्हा अंगाला लसणाचा वास येत होता. यार्डात एक कोरियन जहाज दुरुस्तीला आलं होतं आणि त्याचा म्हातारा खानसामा त्याच किनाऱ्यावरचा निघाला. चीफनी त्याला सांगितलं, तुझा लसूण मी सोलतो, कांदा मी चिरतो, तू फक्त बोलत राहा. तीन आठवडे हा चीफ इंजिनियर त्या जहाजाच्या स्वयंपाकघरात रोज संध्याकाळी लसूण सोलत बसला. यार्डातली माणसं हसायची. चीफ कान देऊन ऐकायचे आणि लसणाचे डाग पडलेली वही मला आणून दाखवायचे. खानसामा जेवलास का असं न विचारता "बाप मुन्ना?" असं विचारायचा. त्याने शिकवलेले आणखी काही शब्द चीफनी वर्गात मॅडमना विचारले, तेव्हा मॅडम लाल झाल्या आणि त्यांनी खिडकी उघडली.

फोनसाठी ठरलेल्या शनिवारी चीफ सकाळी दहालाच आमच्याकडे आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात तीन पेन्सिली.

"फोन इथून केला तर चालेल का? झाल्यावर मला एकट्याला बसायचं नाहीय."

बाबा ऑफिसला गेले होते. आईने गॅस बंद केला, टेबलावर पाण्याचा तांब्या ठेवला आणि मला म्हणाली, "चल खाली. परक्यासमोर नाही बोलणार म्हणाली ना ती?" ऊन रणरणत होतं. आम्ही दोघी घरातल्याच चपला घालून खालच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, जाऊन उभ्या राहिलो. दुकानदार मलबारी. त्याने दोन स्टुलं दिली. वीस मिनिटं झाली. चाळीस झाली. आईने तीन वेळा तोच साबण उचलून खाली ठेवला. मला वाटत होतं, आपण शिकवलेलं काहीतरी चुकलेलं असणार. एखादा शब्द हलका म्हणायचा तो दाबून म्हटला असेल आणि तिकडे भलताच अर्थ गेला असेल.

पाऊण तासाने चीफ स्वतःच खाली आले. शर्ट घामाने चिंब झालेला. आमच्यासमोर उभे राहिले आणि तोंडी परीक्षा झाल्यासारखा रिपोर्ट दिला.

"तिने आधी विचारलं, बाप मुन्ना? मला कळलं. मी म्हणालो, खाल्ला. मग ती म्हणाली, तू बातम्या देणाऱ्यासारखा का बोलतोस? मग खूप बोलली. अर्धं कळलं. आई नव्हती, वडील बोटीवरून परत आले नाहीत, ती मासे वाळवायच्या कामाला जायची, तेवढ्यात दोघांचं भागायचं नाही." त्यांनी वहीचं पान उलटलं. "मग ती म्हणाली, तुला त्या संस्थेत मीच हात धरून घेऊन गेले होते. मीच सोडलं."

आईने पदर तोंडाला लावला. मी अजून तिला भाषांतर करून सांगितलंच नव्हतं.

"मला माहीत होतं," चीफ म्हणाले. "संस्थेच्या फाइलमध्ये लिहिलेलं आहे. आणणारी व्यक्ती : बहीण, वय सोळा. म्हणून तर तिला दुभाष्या नको होता. मी पहिल्या दिवसापासून ओळखलं होतं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

आता ते गडबडले. वहीतली एक ओळ त्यांनी मला दाखवली. 'मला माहीत आहे' याचं आदरार्थी रूप आम्ही पाठ केलं होतं, आरायो. शेवटचा 'यो' म्हणजे आपला 'अहो'. वडीलधाऱ्यांशी बोलताना तो सोडायचा नाही, असं मी त्यांना शंभर वेळा बजावलं होतं.

"माझा 'यो' राहिला. मी नुसतं म्हणालो, 'नूना, आरा.' मग ती रडायला लागली. खूप वेळ. मोठी चूक झाली का?"

मी आईला सगळं मराठीत सांगितलं, 'यो'सकट. आईने डोळे पुसले आणि चीफना सरळ मराठीतच म्हणाली, "भावजी, ताईला कुणी अहो म्हणतं का? घरात असंच बोलतात." मग मी तेवढं इंग्रजीत सांगितलं. चीफ बकाल्यातल्या त्या स्टुलावर बसले. मलबारी दुकानदाराने काही न विचारता त्यांच्या हातात थंड लबानची बाटली दिली. ताक आवडत नसताना ते सगळं प्यायले.

मला वाटलं, आता हे कॉलेज सोडणार. काम झालं होतं. सोमवारी आठ वाजता ते पहिल्या बाकावर हजर. "अर्ध्या ओव्हरहॉलवर जहाज सोडत नाहीत," म्हणाले. पुढची सगळी वर्षं त्यांनी सुट्टीत कोरियाच्या फेऱ्या केल्या आणि प्रत्येक परीक्षा दिली. कोरियनमध्ये मला त्यांच्यापेक्षा मार्क जास्त पडले. बोलताना मात्र मी मालिकेतल्यासारखी बोलायचे, आणि ते त्या बंदरात जन्माला येऊन तिथेच म्हातारा झालेल्या माणसासारखे. मॅडम त्यांना तिकडच्या शब्दांचे अर्थ विचारायला लागल्या होत्या.

पदवीदानाला त्यांनी बहिणीला बोलावलं. सत्तरीला टेकलेली बाई, उंची जेमतेम पाच फूट, कुरळे केस, डोक्यावर उन्हाची टोपी. आदल्या दिवशी आमच्या घरी जेवायला आली तेव्हा तिने आईसाठी सुक्या बारीक मासळीची थैली आणली होती. आईने उघडून वास घेतला आणि ओरडलीच, "अगं, ही तर आपली सुकट!" त्यानंतर त्या दोघी स्वयंपाकघरात गेल्या. ही मराठीत, ती तिच्या बोलीत. मी मदतीला आत गेले तर दोघींनी मला बाहेर काढलं.

समारंभाला आम्ही काळे झगे घालून पुढच्या रांगांत बसलो होतो, घरचे मागे. शिस्त कडक होती. नाव पुकारलं की जायचं, डाव्या हाताने कागद घ्यायचा, उजव्या हाताने हात मिळवायचा, उतरायचं. टाळ्या शेवटी एकदमच. चीफचं नाव पुकारलं गेलं. ते स्टेजवर चढले आणि मागच्या रांगांतून, भर समुद्रात एका बोटीवरून दुसऱ्या बोटीला हाक मारावी अशा आवाजात, कुणीतरी ओरडलं :

"उरी मांग्ने!"

सगळं सभागृह वळलं. चीफची बहीण खुर्चीवर उभी होती. तिला एका हाताने माझी आई धरून होती, पडू नये म्हणून, आणि दुसऱ्या हाताने त्या धरलेल्या हातावरच टाळ्या वाजवत होती. सूत्रसंचालक पुढचं नाव घ्यायचं विसरला. माझ्या शेजारी बसलेल्या इजिप्तच्या मुलीने मला कोपराने ढोसलं, "काय म्हणाली ती?"

"आमचं शेंडेफळ," मी म्हणाले. मग लक्षात आलं की आपण मराठीत बोललो, आणि मी इंग्रजीत त्याला काय म्हणतात ते शोधायला लागले. सापडेना. तोवर स्टेजवर सत्तावन्न वर्षांचं ते शेंडेफळ कुलगुरूंचा पुढे आलेला हात तसाच सोडून मागच्या रांगांकडे वळलं होतं, आणि कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल होऊन कोरियन रीतीने कमरेत वाकलं होतं.